दोन पुरेत, तीन हवीत

रिसोडला आमच्या जुन्या घराच्या वाटेवर एक भिंत आहे. चुना उडालाय, खालच्या अर्ध्या भागावर कुणीतरी कोचिंग क्लासची जाहिरात रंगवलीये. पण वरच्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर उलटा लाल त्रिकोण अजून दिसतो. त्याच्या शेजारी चार चेहरे : आई, बाप, मुलगा, मुलगी. शाळेत जाताना मी ते रोज पाहायचे. अक्षरं जुळवता येण्याआधी मी वाचलेला तो पहिला मजकूर. आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडायचा : आमच्या घरात तर तीन मुलं आहेत, मग या चित्रातून बाहेर कोण?

उत्तर कळायला बरीच वर्षं गेली. आधी ताई, मग मी, मग भाऊ. भिंतीच्या हिशोबाने माझ्यानंतर आईचं ऑपरेशन व्हायला हवं होतं. ते झालं भाऊ झाल्यावर. म्हणजे आमच्या घराने सरकारचं ऐकलं, पण चित्रातला मुलगा मिळाल्यावर. बाहेरची कुणी असेल तर ती मीच होते.

आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. लग्नाला तीन वर्षं झाली आणि आम्हाला मूल नाही. ‘होत नाही’ आणि ‘नकोच’ यांच्या मधे ‘अजून ठरत नाही’ अशी एक जागा असते, आम्ही तिथे आहोत. दिवाळीला रिसोडला गेले की शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, “काहो बाई, पेढे कधी देता?” आई मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणते, “एखांदं होऊ द्या ना बापा. मंग पाह्यजे ते करा.”

मूल किती असावं, यावर मराठीत गेली शंभर वर्षं लिहिलं जातंय, बोललं जातंय, भिंतींवर रंगवलं जातंय. अलीकडे ‘हल्लीच्या पोरींना मूलच नको’ हे त्यातलं नवं पालुपद. या सगळ्याला मला इथे मजकूर म्हणूनच वाचायचंय. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि बोलताना कुणाला गाळतंय, एवढंच पाहायचंय. लोक कमी मुलं का होऊ देताहेत याचं उत्तर या गाळलेल्या जागेत आहे, असं मला वाटतं.

१९२७ : दोन मजकूर

सुरुवात १९२७ पासून करू. त्या वर्षी एकाच विषयावर दोन मराठी लेखकांचे मजकूर आले. ना. सी. फडके यांचं ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक, आणि जुलैत सुरू झालेलं र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक. दोघेही संततिनियमनाच्या बाजूचे. वरवर पाहिलं तर एकाच पक्षाचे.

पण फडक्यांच्या पुस्तकाचं उपशीर्षकच सुप्रजननाच्या चळवळीची बाजू मांडतं. प्रजा चांगली निपजावी, राष्ट्र बळकट व्हावं, म्हणून नियमन. तिथे मूल हे राष्ट्राचं साधन आहे. कर्वे मात्र मासिकातून एकेका वाचकाशी बोलतात. लोक त्यांना शरीराबद्दल, लैंगिक सुखाबद्दल, गर्भ टाळण्याबद्दल खासगी प्रश्न विचारायचे आणि ते न लाजता, न लाजवता उत्तरं द्यायचे. बाईला किती मुलं हवीत हा तिचा प्रश्न, आणि मूल न होऊ देताही तिला सुखाचा हक्क आहे, हे त्यांचं म्हणणं. आजही आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते टाकायची माझी हिंमत नाही.

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही याच वर्षी. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चाललं. कर्वे आणि मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. हा तपशील मी मुद्दाम सांगतेय. पुढे लागणार आहे.

१९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव आला. तो आंबेडकरांचा, मांडला त्यांच्या पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी. त्यातला एक युक्तिवाद असा होता की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापलीकडे दुसऱ्या मुलाला कुणी तयार झालं नसतं. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. पण ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर देताना ‘कुणाच्या अंगावर’ हे कायदेमंडळात विचारलं गेलं, याची नोंद राहिली.

भिंत

स्वातंत्र्यानंतर सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं. कर्व्यांची मागणी उशिरा का होईना मान्य झाली, असं आपण शाळेत शिकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. सरकारने कर्व्यांचं साधन घेतलं आणि फडक्यांचा हेतू घेतला. मासिकातला वाचक प्रश्न विचारू शकत होता. भिंतीला प्रश्न विचारता येत नाही.

भिंतीची भाषा पाहा. ‘हम दो, हमारे दो.’ ‘लहान कुटुंब, सुखी कुटुंब.’ या वाक्यांत क्रियापद नाही. क्रियापद नाही म्हणून कर्ताही नाही. कोण ठरवणार, कोण गोळ्या घेणार, कोण टेबलावर झोपणार, हे सांगायची वेळच येत नाही. जाहिरात म्हणून ही घोषणा उत्तम आहे, कारण ती पाठ होते. पण तिने एका बाईचा निर्णय गाळून त्या जागी एक अंक ठेवला.

अंक आला की उद्दिष्ट येतं. आणीबाणीत ते कसं आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ऐंशी लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातले बहुसंख्य पुरुष. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी, असं विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारं विधिमंडळ महाराष्ट्राचं होतं; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीत सरकार गेलं. राजकारण्यांनी त्यातून एक धडा घेतला : पुरुषांच्या वाटेला जायचं नाही.

मग शिबिरं बायकांची झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. ही शस्त्रक्रिया पुरुषांवर जास्त सोपी, जास्त सुरक्षित आणि टाके जवळजवळ नसलेली असते, तरीही. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःवर करून घेतलेली गोष्ट आमच्या गल्लीतल्या एकाही काकांनी केलेली मला माहीत नाही.

भिंतीवरच्या चित्रातला मुलगा हाही मजकुरातला एक दोष. एक मुलगा, एक मुलगी असं चित्र काढणाऱ्याला समतोल दाखवायचा असेल. आमच्याकडे ते ‘दोनात एक मुलगा हवाच’ असं वाचलं गेलं. सोनोग्राफी आल्यावर या वाचनाला यंत्र मिळालं. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती. ती मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागलीत. त्यांच्या आधीच्या पोरांचंच काय चाललंय, ते तालुक्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. सात-आठ एकर शेती, घर चांगलं, पोरगं निर्व्यसनी आणि वय पस्तीस. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेषात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा टीव्हीवाले हसले. आमच्याकडे कुणी हसलं नाही.

म्हणून ‘लोक मूल न होऊ देण्याची निवड करताहेत’ हे वाक्य मी जपून वाचते. माझ्या मामेभावाने अशी कुठलीही निवड केलेली नाही.

उलटी घोषणा

आता त्याच भिंतीवर उलटं लिहायची वेळ आली आहे, असं काही जण म्हणताहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात चंद्राबाबू नायडू यांनी आंध्र प्रदेशात जास्त मुलांचा आग्रह धरला, राज्य म्हातारं होतंय म्हणून. त्याच सुमारास एम. के. स्टॅलिन यांनी तमिळनाडूत सोळा मुलांची भाषा केली, लोकसभेच्या जागा घटतील म्हणून. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाणारा समाज टिकत नाही, म्हणून दोनाहून जास्त, म्हणजे तीन, असं सांगितलं.

तिघांचं राजकारण वेगळं, कारणं वेगळी. पण मजकूर म्हणून ही भाषणं भिंतीचीच भावंडं आहेत. पुन्हा अंक. पुन्हा क्रियापदात बाई नाही. राज्याला तरुण हवेत, जागा हव्यात, समाजाला संख्या हवी. मूल पुन्हा साधन झालं, फडक्यांच्या पुस्तकातल्यासारखं, फक्त दिशा उलटी.

या भाषणांशेजारी कायदा ठेवून वाचला की गंमत दिसते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. तिसऱ्याला बारा आठवडे. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अपात्र ठरवणारा नियम आला. म्हणजे व्यासपीठावरून तीन सांगायचं आणि नियमात तिसऱ्याला शिक्षा ठेवायची. खासगी कंपनीतल्या बापाला तर पहिल्या मुलासाठीही कायद्याने एक दिवसाची रजा नाही. कायद्याच्या मजकुरातही मूल फक्त आईला होतं.

आणि हा २.१ चा आकडा जवळून पाहायला हवा. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलं १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत २.९ च्या आसपास होती. पाचव्या फेरीत १.७. तीस वर्षांत झालेला हा बदल पुण्या-मुंबईच्या ‘मॉडर्न’ पोरींनी एकट्यांनी केलेला असू शकत नाही. तो रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या घराघरांत झालाय. आमच्या आयांनी केलाय. आम्ही फक्त शेवटचा दशांश खाली आणतोय आणि शिव्या खातोय.

आमच्या पिढीचा मजकूर

शिव्या खाणाऱ्यांचाही एक मजकूर आहे, तो इन्स्टाग्रामवर सापडतो. दोघांचा पगार, मूल नाही, डोंगरात कॉफी. ‘माझं आयुष्य, माझी निवड.’ त्या रीलखाली दोन प्रकारच्या कमेंट असतात : ‘अगदी बरोबर’ आणि ‘म्हातारपणी कळेल’. मी दोन्ही वाचते आणि दोन्ही मला खोट्या वाटतात.

रीलमध्ये निवड फार सोपी दिसते, मॉलमध्ये वस्तू घ्यावी तशी. माझ्या ओळखीत असं कुणीच ठरवलेलं नाही. एक मैत्रीण दर वर्षी ‘पुढच्या अप्रेझलनंतर’ म्हणते. एकीच्या नवऱ्याची नोकरी दोन वर्षांत तिसऱ्यांदा गेली. एकीला एक मुलगी आहे, दुसरं हवं होतं, पण मुलीला सांभाळायला आलेल्या सासूबाई आजारी पडल्या आणि विषय संपला. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने चौदा देशांतल्या लोकांना विचारलं, हवी तितकी मुलं का होत नाहीत. भारतातल्या दहापैकी जवळपास चार जणांनी पैशाची अडचण सांगितली. मग घर, नोकरीची अशाश्वती, मूल सांभाळायला भरवशाचं कुणी नसणं. म्हणजे बऱ्याच जणांना मूल हवंय. रील ते लपवते, आणि भाषणंही लपवतात.

आमच्या आजीच्या काळात ‘चोच दिली तो चारा देईल’ म्हणायचे. ते केवळ भाबडेपण नव्हतं, त्यात अर्थशास्त्र होतं. आठ-दहा वर्षांचं पोरगं गुरं वळायचं, पोरगी धाकट्याला कडेवर घ्यायची. मूल तोंडासोबत दोन हात घेऊन यायचं. जॉन कॉल्डवेल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हेच मांडलं : संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते तोवर जास्त मुलं शहाणपणाची, प्रवाह उलटला की मुलं कमी होतात.

आमच्याकडे तो प्रवाह उलटताना मी पाहिलाय. बाबांनी सोयाबीन विकून ताईला अकोल्याला नीटच्या क्लासला ठेवलं, मला इंजिनीअरिंगला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याहून कमी भावाने गेला. क्लासची फी हमीभावाने ठरत नाही. एका मुलाला वसतिगृहात ठेवायला किती पोती लागतात, हा हिशोब तालुक्यातल्या प्रत्येक बापाला तोंडपाठ आहे. त्याला लोकसंख्या धोरण समजवायची गरज नाही, ना दोनाचं ना तीनाचं.

पण बापाचा हा हिशोबही अर्धा आहे, कारण तो रुपयांत आहे. उरलेला अर्धा मिनिटांत आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आला. पुरुषांचा ८८, आणि तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचा. करणारे चारात साधारण एक. मूल सांभाळणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. बाईने नोकरी धरली म्हणून ही मिनिटं कुणी वाटून घेतली नाहीत. दक्षिण कोरियात सरकारने मुलांसाठी पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर आला. तिथल्या बायकांचे कामाचे तास आणि घरातले तास हे गणित पैशाने सुटलं नाही. चीनने २०२१ मध्ये तीन मुलांची परवानगी दिली, तरी पाळणे भरले नाहीत. हुकमाने मुलं कमी करता येतात, असं दिसतं. हुकमाने वाढवता येत नाहीत.

इथे मला कर्व्यांशीही थोडं भांडायचंय. त्यांनी बाईला ‘नाही’ म्हणण्याचं साधन दिलं, आणि त्यांच्या काळात तीच लढाई होती. पण ‘हो’ म्हणायचं असेल तर तिच्यासोबत कोण उभं राहणार, या प्रश्नाचं ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी लिहिलं नाही, आणि नंतरही कुणी लिहिलं नाही. आम्ही त्या न लिहिलेल्या मासिकाचे वाचक आहोत. प्रश्न आहेत, पत्ता नाही.

रकाना

मी इंजिनीअर आहे, त्यामुळे आमचीही एक एक्सेल शीट आहे. घराचा हप्ता, दवाखाना, शाळा, माझा पगार किती महिने थांबेल, परत आल्यावर कुठल्या प्रोजेक्टवर टाकतील. नवरा मनाने चांगला आहे. ‘मी मदत करेन’ म्हणतो. ‘मदत’ या शब्दावर आमचं एकदा भांडण झालं. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आता तो ‘आपण करू’ म्हणतो. त्यात क्रियापदही आहे आणि कर्ताही, एवढी प्रगती.

या दिवाळीला आईसोबत अंगणात सोयाबीन निवडत बसले होते. मी विचारलं, “आई, तुला तिसरं हवं होतं का गं?”

ती हसली. “मले कोनं इचारलं?”

हात चालूच होते. थोड्या वेळाने म्हणाली, “तुले तं इचारून रायले ना सारे. होऊ दे एखांदं. मी येतो पुण्याले सांभाळाले.”

मला इतकं हलकं वाटलं की त्याच रात्री लॅपटॉप उघडून पाळणाघराच्या रकान्यातला आकडा पुसला आणि शून्य लिहिलं. खालची बेरीज लगेच आटोक्यात आली. आपलं जमतंय, असं पहिल्यांदा वाटलं.

मग त्या शून्याकडे पाहत राहिले. आई चौपन्न वर्षांची आहे. उजवा गुडघा दुखतो, जिना चढताना कठड्याला धरते. पुण्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिच्या आयुष्यातली अजून पाच-सहा वर्षं मी हिशोबातून गाळली होती, भिंतीने गाळली तशीच, आणि त्यासाठी मला कुठल्या घोषणेचीही गरज पडली नव्हती.

शून्य पुसलं. तो रकाना अजून मोकळा आहे. काकूंना पेढे कधी द्यायचे ते त्यात काय लिहिलं जातं यावर आहे, आणि ते लिहायला आता मी नवऱ्यालाही शेजारी बसवलंय.